डिरेक्टरीत पैसे भरून नाव टाकावं का?

थेट उत्तर आधी सांगतो. इंदूरमधल्या बहुतेक छोट्या दुकानांना ऑनलाइन डिरेक्टरीचं वर्षभराचं पॅकेज परवडत नाही. काही ठरावीक धंद्यांना मात्र ते परवडतं, आणि चांगलं परवडतं. आपण कुठल्या बाजूला आहोत हे घरी बसून, एका कागदावर, अर्ध्या तासात काढता येतं.

मी छोट्या दुकानदारांच्या हिशेबाची कामं करतो. जेल रोड, मल्हारगंज, सुदामानगर, अन्नपूर्णा रोड असा माझा पट्टा. गेल्या काही वर्षांत बहुतेकांच्या रोजमेळात दर महिन्याला एक ओळ दिसायला लागली आहे: 'जाहिरात, ऑनलाइन'. भाडं, वीज, नोकराचा पगार यांच्या खालोखाल ती ओळ येते आणि गुपचूप निघून जाते. यातून काय आलं असं विचारलं की उत्तर मिळतं, "फोन येतात की." किती येतात, त्यातले किती ठरतात, ठरलेल्यात हाती काय उरतं, हे विचारलं की माणूस गप्प होतो. ज्याने पॅकेज विकलं त्याने हिशेब कसा मांडायचा हे सांगितलेलं नसतं, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ गल्ल्यावर बसणाऱ्याला स्वतःहून ते मांडायला सवड नसते. म्हणून इथे तो सगळा उलगडून मांडतो.

शोधणारा फुकट शोधतो

डिरेक्टरी म्हणजे यादी. जस्टडायल, सुलेखा, इंडियामार्ट ही त्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. माणूस मोबाइलवर काम लिहितो, म्हणजे समजा 'एसी दुरुस्ती, अन्नपूर्णा रोड', आणि समोर दहा-वीस नावं येतात. यादीत नुसतं नाव असायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते वर दिसायला, नावापुढे बिल्ला लागायला, आणि शोधणाऱ्याचा नंबर तुमच्या हाती यायला.

ही कल्पना जुनी आहे. धंद्यांची वेगळी पिवळी डिरेक्टरी १८८६ साली शिकागोत रूबेन डोनेली यांनी काढली, तिथून यलो पेजेसचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे त्यात किती पैसा होता हे कळायला एक कोर्टकज्जा पुरेसा आहे. मुंबईत टाटा प्रेसने यलो पेजेस छापली तेव्हा एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी कोर्टात गेली. टेलिफोनधारकांची यादी छापण्याचा हक्क फक्त आमचा, असं तिचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९५ मध्ये निकाल टाटा प्रेसच्या बाजूने लागला. व्यापारी जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, हे न्यायालयाने त्याच निकालात सांगितलं. जाहिरातींच्या एका जाडजूड पुस्तकासाठी दोन मोठ्या संस्था एवढ्या लांबवर भांडल्या, कारण ते पुस्तक घराघरांत टेलिफोनशेजारी पडून असायचं आणि शोधायला दुसरं फारसं साधन नसायचं. त्यात नाव नसलेला दुकानदार अनोळखी माणसाला सापडतच नसे.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मुंबईत जस्टडायल सुरू झालं. फोन करायचा, काय हवं ते सांगायचं, पलीकडची बाई नंबर द्यायची. इंडियामार्टही त्याच वर्षीचं, पण ते कारखानदार आणि घाऊक खरेदीदार यांच्यासाठी. कागद गेला, फोन आला, मग अॅप आलं. एक गोष्ट मात्र १८८६ पासून तशीच आहे. शोधणारा फुकट शोधतो आणि पैसे देतो तो सापडणारा. म्हणजे डिरेक्टरीचं खरं गिऱ्हाईक तुम्ही आहात. तुमच्याकडे येणारा माणूस हा तिचा माल.

बदललं ते एवढंच की आता पुस्तक एक राहिलेलं नाही. आज माणूस आधी गूगल मॅप उघडतो, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कुणाला चांगला प्लंबर माहीत आहे का' म्हणून टाकतो. डिरेक्टरी या गर्दीतला एक रस्ता आहे. एकेकाळी ती एकुलती एक वाट होती आणि तेव्हाचा भाव आज द्यायचं कारण नाही.

तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला ओळखतं का?

डिरेक्टरी एकच गोष्ट विकते: ज्याला तुम्ही माहीत नाही, पण ज्याला आत्ता काम हवं आहे, असा माणूस. त्यामुळे पहिला प्रश्न पैशाचा नाही. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण असे अनोळखी असतात, हा आहे.

सुदामानगरच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान घ्या. गिऱ्हाईक चार गल्ल्यांतलं. त्याने कधी 'किराणा दुकान' असं शोधलेलं नाही, तो घरातून चपला घालून निघतो आणि तुमच्याकडे येतो. शीतलामाता बाजारातलं साडीचं दुकान, खजूरी बाजारातलं पुस्तकांचं दुकान, सियागंजमधला घाऊक व्यापारी यांचंही तसंच. तिथे लोक बाजाराच्या नावाने जातात. एकदा त्या गल्लीत शिरले की पाटी, मांडणी आणि दारात उभा असलेला माणूस काम करतो. सकाळी पोहे-जिलबी विकणाऱ्याचं तर विचारायलाच नको. त्याची जाहिरात म्हणजे कढईभोवतीची गर्दी.

आता दुसऱ्या टोकाला या. भंवरकुआंला खरगोन, खंडवा, झाबुआकडून शिकायला आलेला मुलगा. त्याला खोली हवी, डबा हवा, आणि शहरात तो कुणालाच ओळखत नाही. विजयनगरला बदली होऊन आलेलं कुटुंब, सामान हलवायचं आहे. एप्रिलच्या दुपारी बंद पडलेला एसी. वाळवी लागलेली दारं. हरवलेली किल्ली. यांतलं कुठलंच काम रोजचं नाही, त्यामुळे डोक्यात कुणाचं नाव तयार नसतं, आणि काम आजच व्हायला हवं असतं. असा माणूस शोधतोच.

आपल्या मराठी घरांतलं एक उदाहरण मला इथे मुद्दाम द्यायचं आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला नोकरीत, आणि आईवडील इथे रामबागेत किंवा लोकमान्यनगरात. वडिलांचं ऑपरेशन झालं की रात्रपाळीचा मदतनीस किंवा घरी येणारा फिजिओथेरपिस्ट शोधायचं काम मुलगी पुण्यातून करते. तिला इंदुरातली पाटी दिसत नाही, शेजाऱ्यांच्या गप्पा ऐकू येत नाहीत. ती फोनवर यादी उघडते आणि वरून एकेकाला फोन लावते. घरच्या शुश्रूषेची सेवा देणाऱ्या माणसाने अशा यादीत असायलाच हवं, आणि नीट उत्तरं देणारं कुणीतरी फोनवर हवं.

सांवेर रोडच्या किंवा पोलोग्राउंडच्या छोट्या कारखानदाराचीही गोष्ट वेगळी. त्याचं गिऱ्हाईक नागपूरला, राजकोटला किंवा रायपूरला बसलेलं. ते इथे चक्कर मारून शोधणार नाही. एका ऑर्डरमध्ये उरणारी रक्कम मोठी आणि तीच ऑर्डर दरवर्षी परत येऊ शकते. इंडियामार्टसारख्या ठिकाणी पैसे भरणं हा अशांसाठी बहुधा शहाणपणाचा खर्च आहे. फक्त दर विचारायला येणारे फोन तिथे खूप असतात, ते निस्तरायला माणूस ठेवावा लागतो. त्याचा पगारही याच खर्चात धरा.

३० फोनांचं काय होतं

आता एक महिना जवळून पाहू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा एसी दुरुस्त करणारा एक भाऊ आहे, सोबत एक मदतनीस, एक मोटारसायकल. पॅकेज महिन्याला २,५०० रुपयांचं. जाहिरातीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५० रुपये. एकूण २,९५०. तो नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असता तर हे ४५० त्याला वजा मिळाले असते. पण त्याची जीएसटी नोंदणीच नसेल, किंवा तो कंपोझिशन योजनेत (छोट्यांसाठी विक्रीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असेल, तर ते परत मिळत नाहीत. छोट्या दुकानदारांपैकी कितीतरी जण याच दोन गटांत असतात, आणि पॅकेजचा भाव सांगताना 'प्लस जीएसटी' हे शब्द नेहमी हळू आवाजात येतात. तेव्हा खर्च २,९५०च धरा.

महिनाअखेर अॅपमध्ये दिसतं: ३० लीड, म्हणजे ३० विचारणा. विकणारा म्हणतो, "देखिए सर, सौ रुपए से भी कम में एक ग्राहक." २,९५० भागिले ३०, म्हणजे ९८ रुपये. आकडा बरोबर आहे. पण भागलं आहे फोनांनी, गिऱ्हाइकांनी नाही.

ते ३० एकेक करून वहीत उतरवू. ६ फोन कामाचेच नव्हते: एक चुकीचा नंबर, दोघांना फ्रिज दुरुस्त करायचा होता, एक जण लांबच्या राऊहून बोलत होता, एक कर्ज देऊ का विचारत होता, आणि एकच माणूस दोनदा मोजला गेला. ५ जण जुनीच गिऱ्हाइकं. त्यांनी दुकानाचं नाव लिहून शोधलं, कारण नंबर सेव्ह नव्हता. उरले १९. त्यांतल्या ७ जणांना फोन लावेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी काम घेतलं होतं, कारण तीच विचारणा एकाच वेळी तीन-चार जणांकडे गेलेली असते. अशा यादीवर हे अगदी नेहमीचं आहे. १२ घरी जाणं झालं. त्यांतल्या ७ ठिकाणी दर ऐकून 'सांगतो' म्हणाले. कामं झाली ५.

त्या ५ मध्ये ३ साधी सर्व्हिसिंग. पेट्रोल, मदतनिसाची मजुरी वगैरे जाऊन एकेका कामात समजा २५० उरले, म्हणजे ७५०. दोन ठिकाणी गॅस भरायचा होता, तिथे ९०० प्रमाणे १,८०० उरले. एकूण २,५५०. पॅकेज २,९५०. महिना ४०० रुपये तोट्यात गेला, आणि ज्या ७ घरी नुसतं जाऊन आला त्याचं पेट्रोल मी अजून धरलेलंच नाही.

एका फोनामागे ९८ रुपये असं जे दिसत होतं, ते एका कामामागे ५९० रुपये निघालं. पॅकेज घेण्याआधी माहीत असायला हवा तो हा आकडा.

पण हिशेब इथे सोडला तर अन्याय होईल. त्या ५ घरांपैकी दोन घरांनी पुढच्या मार्चमध्ये परत बोलावलं, एकाने भावाकडे नंबर दिला, तर त्या कामांना डिरेक्टरीचा खर्च लागत नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाईक परत येतं तिथे पहिल्या कामात थोडं नुकसान सोसणं चालतं. मात्र परत किती आले हे जुन्या बिलांवरून काढायचं, मनाने नाही.

स्वतःसाठी हे करायला एक भागाकार पुरतो. वर्षाचा एकूण खर्च घ्या, एका कामात सगळं जाऊन हाती उरणाऱ्या पैशाने भागा. येईल तेवढी नवी कामं फक्त डिरेक्टरीचा खर्च भागवायला लागतात. वर्षाचे ३५,४०० रुपये धरले, तर एका मॉड्युलर किचनमध्ये ४०,००० उरणाऱ्या सुताराला एक काम पुरे. २५० उरणाऱ्या एसीवाल्याला १४२ कामं. आणि शंभरामागे ८ रुपये सुटणाऱ्या किराणा दुकानाला ४,४२,५०० रुपयांची जादा विक्री, तीही जी एरवी झाली नसती अशी. हा शेवटचा आकडा मी जेव्हा जेव्हा कुणाला काढून दाखवला आहे, तेव्हा पुढची चर्चा करावी लागलेली नाही.

नावाने शोधलं की कामाने?

वरच्या ५ जुन्या गिऱ्हाइकांवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

शोध दोन तऱ्हेचा असतो. 'एसी दुरुस्ती जवळपास' हा कामाचा शोध, आणि दुकानाचं नाव लिहून केलेला नावाचा शोध. नावाने शोधणारा तुमच्याकडेच निघालेला आहे, त्याला फक्त नंबर किंवा वेळ हवी आहे. पण त्याला डिरेक्टरीचं पान आधी दिसलं आणि तिथला नंबर त्याने दाबला, तर तो डिरेक्टरीच्या खात्यात मोजला जातो. अनेक डिरेक्टऱ्या स्वतःचा वेगळा नंबर दाखवतात, फोन त्यांच्याकडून वळून तुमच्याकडे येतो. मोजायला ते सोयीचं, पण त्यामुळे तुमचंच जुनं गिऱ्हाईक तुम्हाला नवं म्हणून विकलं जातं. दुकान जितकं जुनं आणि नावाजलेलं, तितके असे फोन जास्त. वर्षानुवर्षं चांगलं काम केलेल्या माणसाचा रिपोर्ट म्हणूनच फार छान दिसतो.

हे पारखायचा फुकट मार्ग गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये आहे. लोकांनी कुठले शब्द लिहिले तेव्हा तुमचं दुकान दिसलं, याची यादी तिथे मिळते. त्यात बहुतेक ओळी तुमच्या नावाच्या असतील, तर तुम्हाला लोक आधीच ओळखतात. डिरेक्टरी त्यात फारशी भर घालणार नाही.

आधी फुकटचं पुरं करा

गूगलचं हे प्रोफाइल फुकट आहे. २०१४ मध्ये ते 'गूगल माय बिझनेस' म्हणून आलं, २०२१ च्या शेवटी नाव बदलून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झालं. नकाशावर कोण वर दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं असं गूगल स्वतः सांगतं: शोधलेल्या कामाशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती परिचित आहे, ज्यात लोकांचे अभिप्रायही आले. पैसे देऊन या यादीत वर जाता येत नाही, हेही गूगल स्पष्ट सांगतं. वेगळी जाहिरात विकत घेता येते, पण तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं.

तरीही डिरेक्टरीत पैसे भरणाऱ्या कितीतरी दुकानांचं हे फुकटचं पान अर्धवट असतं. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत नकाशावरची खूण एक गल्ली चुकलेली असते आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दुकानासमोर उभं राहून फोन करतं. फोटोत पाटीच नसते. वेळ सकाळी १० लिहिलेली आणि शटर उघडतं ११ला. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाडा, सराफ्याच्या बाजूला दुकान उघडायचा प्रश्नच नसतो, पण नकाशा 'उघडं आहे' म्हणतो. सुट्टीच्या दिवसाची वेगळी वेळ तिथे आधीच टाकून ठेवता येते, दोन मिनिटांचं काम. धंद्याचा प्रकार नेमका निवडा. 'दुकान' असं लिहू नका, 'एसी दुरुस्ती सेवा' लिहा. काम झालं की गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे अभिप्रायाची लिंक पाठवा आणि वाईट अभिप्रायालाही सभ्य उत्तर द्या. अभिप्राय विकत घेऊ नका. गूगल ते काढून टाकतं, आणि भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, त्यातही विकतचे अभिप्राय बसत नाहीत.

प्रोफाइल स्वतःच्या जीमेलवर उघडा. कुणा ओळखीच्या मुलाने किंवा एजन्सीने उघडून दिलं असेल तर मुख्य मालक म्हणून तुमचं नाव आहे ना, ते आजच बघा. नाहीतर भांडण झालं की तुमचे सगळे अभिप्राय दुसऱ्याच्या हातात राहतात. आणि 'गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे, पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. लिस्टिंगसाठी गूगल पैसे घेत नाही. मोबाइलवर आलेला कोड तर कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर तक्रार करा.

सहीच्या आधी

यादीत बसणारा धंदा आहे, भागाकारही जमतो आहे, तर पॅकेज जरूर घ्या. पण टेबलावर कागद आला की घाई करू नका. विक्रीला येणारी मुलं-मुली मेहनती असतात, महिन्याचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर असतं, आणि 'आज ही साइन करेंगे तो ये रेट मिलेगा' हे त्यांना म्हणावंच लागतं. त्यांना चहा द्या, पाणी द्या, आणि कागद घरी न्यायचा आहे असं सांगा.

'टॉप पे आएंगे' याचा अर्थ विचारा. कुठल्या कामासाठी, कुठल्या भागासाठी, आणि त्याच कामात त्याच भागात पैसे भरणारे आणखी किती जण आहेत? चार जणांना वरची जागा विकली असेल तर तुम्ही कधी पहिले, कधी चौथे दिसणार. एक विचारणा किती जणांना जाते, तेही विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. तोंडी सांगितलेलं पुढच्या महिन्यात बदली झालेल्या माणसाबरोबर निघून जातं.

सगळ्यात जास्त लक्ष पैसे कापायच्या परवानगीवर ठेवा. महिन्याचा हप्ता बहुतेक वेळा बँकेच्या नॅच (NACH) मँडेटने किंवा यूपीआय ऑटोपेने जातो. मँडेटच्या कागदावर तीन जागा बघायच्या: एका वेळी जास्तीत जास्त किती कापता येईल, किती दिवसांनी, आणि कधीपर्यंत. करार एका वर्षाचा आणि मँडेट पुढच्या कित्येक वर्षांचा, असं असलं तर तारीख बदलून घ्या. कमाल रक्कम हप्त्याच्या तिप्पट लिहिली असेल तर तीही. मुदत संपल्यावर करार आपोआप वाढतो का, ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. बंद करायचं असेल तर डिरेक्टरीला ईमेल करा आणि मँडेट रद्द करायचा अर्ज बँकेतही द्या, दोन्ही. यूपीआय ऑटोपे असेल तर अॅपमध्येच रद्द होतं. कार्ड किंवा यूपीआयवरची अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज नीट वाचत जा.

मुदतीबद्दलही बोला. एसीवाल्याचा हंगाम मार्च ते जून, केटरर आणि मंगल कार्यालयाचा देवउठणी एकादशीनंतरचा. बारा महिन्यांचे पैसे भरून चार महिने कामाचे, असा सौदा करू नका. तीन महिन्यांचं पॅकेज महिन्यामागे महाग पडलं तरी एकूण खर्च कमीच होतो.

स्मरणिका आणि समाजाची पुस्तिका

आपल्याकडे आणखी एक डिरेक्टरी चालते, तिला कुणी डिरेक्टरी म्हणत नाही. गणेशोत्सवाच्या मंडळाची स्मरणिका, समाजाची परिचय-पुस्तिका. अर्धं पान, पाव पान, 'शुभेच्छुक'. बहुतेक दुकानांसाठी ती वर्गणी आहे आणि ती मनापासून द्यावी. मंडळं त्यावरच चालतात. वहीत फक्त ती जाहिरातीखाली लिहू नका, देणगीखाली लिहा, म्हणजे जाहिरातीचा हिशेब बिघडत नाही.

काही कामांना मात्र हीच जागा सगळ्यात योग्य. पूजा सांगणारे गुरुजी, लग्नाचा मराठी स्वयंपाक करणारे, चैत्रगौरीला पन्हं-डाळीच्या आणि होळीला पुरणपोळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताई, रुखवत करून देणाऱ्या वहिनी. यांचं गिऱ्हाईक अनोळखी माणसाकडे जायला तयार नसतं, त्याला 'आपल्यातलं' कुणीतरी हवं असतं. तिथे शहरभरच्या यादीपेक्षा कॉलनीतला एक ग्रुप आणि पुस्तिकेतला नंबर जास्त कामं आणून देतो.

तीन महिन्यांची वही

पॅकेज घेतलंत तर पहिल्या दिवसापासून एक साधी वही फोनशेजारी ठेवा. दुकानात मोबाइल कुणीही उचलो, वहिनी असोत की पोरगा, समोरच्याला एक प्रश्न विचारायचाच: "आमचा नंबर कुठून मिळाला?" उत्तर जसंच्या तसं लिहायचं. पुढे तारीख, काम ठरलं की नाही, आणि ठरलं तर सगळं जाऊन काय उरलं. डिरेक्टरीच्या अॅपवरचे आकडे या वहीशी महिन्याला एकदा लावून बघा. दोन्हींत फरक पडणारच, भागाकार वहीच्या आकड्यांनी करायचा.

फोन लवकर उचलणं हाही याच खर्चाचा भाग आहे. विचारणा चार जणांना गेली असेल तर पहिला बोलणारा पुढे असतो. दिवसभर शिडीवर चढलेला माणूस संध्याकाळी सातला फोन परत करणार असेल, तर त्याने पॅकेजआधी फोन उचलणाऱ्या माणसाची सोय करावी. ती होत नसेल तर पैसे भरू नयेत.

तीन महिने झाले की नूतनीकरणाच्या आधी पॅकेज एक महिना बंद ठेवा. हंगामाच्या मधलाच महिना निवडा, मंदीचा नको, म्हणजे तुलना नीट होते. विक्रेता फोन करेल, सूट देईल, जागा जाईल म्हणेल. त्या महिन्याचीही वही तशीच लिहा. कामं होती तेवढीच राहिली तर डिरेक्टरीतून येणारे लोक तसेही तुमच्याकडे आलेच असते. कामं खरोखर कमी झाली तर किती कमी झाली ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल, आणि पुढच्या खेपेला पॅकेजचा भाव त्या आकड्यावरून करा.